घाट उतरताच मोडलेला शब्द

तळेगाव आपल्याच माणसांनी जाळलं होतं, हे आजीनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी शाळकरी होतो. लढाईत गावं शत्रू जाळतो, एवढंच तोवर ठाऊक. आजी म्हणायची, "गनीम घाट चढला आन् पुण्याहून सांगावा आला. पेवं रिकामी करा, कडबा पेटवा, आडात शेर-निवडुंग तोडून टाका, गुरंवासरं घिऊन डोंगराला लागा. मंग घरांना चूड लावली. कुनाचं घर कुनी पेटवलं, ते कुनी लिवून ठेवलं न्हाय, बाबा."

आजीचं माहेर कार्ल्याचं, सासर वडगावचं. म्हणजे १७७९ च्या जानेवारीतली ती लढाई तिच्या दोन्ही अंगणांतून गेलेली. तिला सन माहीत नव्हता, गादीवर कोणता पेशवा होता हेही नीटसं नव्हतं. तिच्या गोष्टीत पाटीलबाबा असत, म्हणजे महादजी शिंदे, नाना फडणवीस असत, आणि इष्टुर असे. इष्टुरबद्दल ती शत्रूसारखं बोलत नसे. कार्ल्याला झाडावर चढून तो मराठ्यांची फौज न्याहाळत होता, तेवढ्यात तोफेचा गोळा लागून पडला, असं सांगे. झाडाची गोष्ट लोकांची. पण कॅप्टन जेम्स स्ट्युअर्ट, म्हणजेच हा इष्टुर, ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ मारला गेला, हे इंग्रजांच्या कागदांतही आहे. त्याला 'फाकडा' ठरवलं ते त्याच्याशी लढणाऱ्या मराठ्यांनी. वडगावात त्याची समाधी आहे, आणि तिच्यापुढून जाताना आजी पदर सावरून हात जोडायची. मारलेल्या शत्रूला हात जोडणारी ही बाई तळेगावच्या आगीबद्दल मात्र कोणालाच मोकळं सोडत नसे, पाटीलबाबांनाही नाही.

हे सगळं मनात पुन्हा वर आलं ते २०२२ च्या मार्चमध्ये. आमच्या आळीतला एक मुलगा युक्रेनमध्ये डॉक्टरकी शिकायला गेलेला. ऑपरेशन गंगाच्या विमानानं तो परत आला, तेव्हा अख्खी आळी त्याच्या घरी लोटली. थंडीत सीमेपर्यंत चाललेले कोस, स्टेशनांवरची गर्दी, तळघरांतल्या रात्री, सगळं तो सांगत होता. आबा, म्हणजे माझे वडील, कोपऱ्यात बसून ऐकत होते. सगळ्यांचं विचारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "गावं कोन बुडवतंय, जाळतंय रं? गनीम, का त्यांची तीच?" मुलगा गोंधळला. रशियाचे बॉम्ब पडतायत हे तो आताच तर सांगत होता. पण आबांचा प्रश्न कुठून आला ते मला कळलं. आणि त्या प्रश्नाला युक्रेनमध्ये एक नेमकं उत्तर आहे, हे पुढे वाचताना समजलं.

कीव्हच्या उत्तरेला देमिदिव्ह नावाचं गाव आहे, इर्पिन नदीच्या काठी. रशियन रणगाडे राजधानीच्या दिशेनं निघाले, तेव्हा फेब्रुवारीच्या शेवटी युक्रेनी सैन्यानं कोझारोविची इथला बांध फोडून नदीचं खोरं पाण्याखाली घातलं. रणगाड्यांची वाट बंद झाली. देमिदिव्हची घरं, परसबागा, तळघरांतले बटाटे पाण्यात गेले, आणि रशियन सैन्य माघारी फिरल्यावरही कित्येक आठवडे तिथले लोक पंप लावून तळघरं उपसत होते. पत्रकार गेले तेव्हा अनेकांनी सांगितलं, झालं ते बरोबरच झालं, नाहीतर कीव्ह गेलं असतं. त्याच लोकांनी हेही विचारलं की आता आमच्या भिंतींचं काय. आजी तिथे असती तर तिला दुभाषी लागला नसता.

युद्धाबद्दल युक्रेनी माणसं काय म्हणतात, हे आपल्याकडे बहुधा परक्यांच्या तोंडून ऐकू येतं. लोणावळ्याच्या बाजारात चहा पिता पिता लोक सहज म्हणतात, दोघांनी मिटवून टाकावं, माणसं मरतायत. यातली कणव खरी आहे. पण मिटवणं म्हणजे काय, हे मावळाला तरी वेगळं सांगायला नको. इथे एक युद्ध मिटलं होतं. कागदावर सह्या झाल्या होत्या. तो कागद किती दिवस टिकला, ते आपल्या भूमीला ठाऊक आहे.

त्या युद्धाचं मूळ एका खुनात होतं. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांना गारद्यांनी मारलं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि दोष थेट चुलत्यावर, रघुनाथरावांवर ठेवला. याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही, असं सांगून ते पुण्यातून निघून गेले. रघुनाथराव पुढे इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मार्च १७७५ मध्ये सुरतेला करार झाला: मुंबईकर इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवायचं, त्यांनी साष्टी आणि वसई द्यायची. कलकत्त्यानं तो करार रद्द करून १७७६ मध्ये पुरंदरला दुसरा केला, मुंबईनं तोही बाजूला सारला, आणि १७७८ च्या नोव्हेंबरात सुमारे चार हजारांची फौज पनवेलला उतरली. बरोबर सामान ओढायला १९ हजार बैल. खंडाळ्याला घाटमाथा गाठल्यावर ही फौज दिवसाला मैलभरही पुढे सरकत नव्हती. भिवराव पानशांच्या तोफा दुरून गोळे टाकत, घोडेस्वार रसद तोडत, आणि पुढचा मुलूख मोकळा होत जाई. ९ जानेवारीला इंग्रज तळेगावला पोहोचले, तर गाव राख. पुणे अठरा-वीस मैलांवर राहिलं होतं, आणि वेळ आली तर चिंचवड आणि पुणंही जाळायची तयारी आहे, ही बातमी त्यांच्या छावणीत पोहोचली.

११ जानेवारीच्या रात्री त्यांनी माघार घेतली. जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या, साठे जाळले. तळेगावातले जुने लोक अजून तळ्याकडे बोट दाखवून सांगतात, तोफा आत आहेत. वडगावला फौज घेरली गेली. कॅप्टन हार्टलीच्या पलटणीनं पिछाडी झुंजत राखली, नाहीतर त्याच रात्री सगळं संपलं असतं. १३ तारखेपर्यंत पुढे जाणं नाही आणि मागे फिरणं नाही, अशी गत झाली.

इथे मला नेहमी थांबावंसं वाटतं. घेरलेली, उपाशी, हरलेली फौज, आणि तिच्याभोवती तिच्या कित्येक पट मोठी मराठी सेना. महादजींनी तहाची बोलणी घेतली. १६ जानेवारीला वडगावला करार ठरला. १७७३ नंतर घेतलेला साष्टीसह सगळा मुलूख इंग्रजांनी परत द्यायचा, बंगालहून निघालेलं गोडार्डचं सैन्य माघारी धाडायचं, रघुनाथरावांना मराठ्यांच्या हवाली करायचं. ओलीस म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट स्ट्युअर्ट (कार्ल्याला पडलेला नव्हे, दुसरा) मागे राहतील. त्या बदल्यात उरलेली फौज सुखरूप घाट उतरेल. आणि ती उतरली. वाटेत तिच्यावर वार झाला नाही.

२९ ऑगस्ट २०१४ रोजी पूर्व युक्रेनमधल्या इलोवायस्कला याच्या अगदी उलट घडलं. युक्रेनी तुकड्या घेरल्या गेल्या होत्या. त्यांना बाहेर पडायला सुरक्षित वाट देऊ, असं रशियाकडून सांगण्यात आलं. त्या तुकड्या रस्त्याला लागल्या आणि ठरलेल्या वाटेवरच त्यांच्यावर तोफा, मशीनगन चालल्या. युक्रेनच्या सरकारी हिशेबात त्या लढाईत ३६६ सैनिक गेले. युक्रेनी माणूस 'युद्धविराम' हा शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात इलोवायस्कचा तो रस्ता असतो. त्याला शांतता नको असते असं नाही. आधी दिलेल्या शब्दांचं काय झालं, याची त्याच्याकडे तारीखवार यादी असते.

त्या यादीतलं पहिलं नाव बुडापेस्ट. सोव्हिएत संघ फुटला तेव्हा जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रसाठा युक्रेनच्या भूमीवर राहिला होता. ५ डिसेंबर १९९४ रोजी बुडापेस्टमध्ये रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सीमांचा मान राखण्याची लेखी हमी दिली, आणि युक्रेननं ती अस्त्रं सोडली. २०१४ मध्ये हमी देणाऱ्यांपैकीच एकानं क्रिमिया घेतला. मग मिन्स्कचे दोन करार. दुसऱ्यातला युद्धविराम १५ फेब्रुवारी २०१५ पासून लागू व्हायचा होता. देबाल्त्सेव्हवरचा हल्ला थांबला नाही आणि १८ तारखेला ते शहर पडलं. २०२२ च्या फेब्रुवारीत तर सगळेच कागद फाटले.

वडगावच्या कागदाचं आयुष्य याहून कमी. मुंबईकर मंडळी घाट उतरली, आणि गोडार्डला परत फिरायला सांगणारं जे पत्र तहाप्रमाणे पाठवलं होतं ते त्यांनी लगेच मागे घेतलं. तह करण्याचा आम्हाला अधिकारच नव्हता, असं कारण दिलं. कलकत्त्याहून वॉरन हेस्टिंग्जनंही तह झिडकारला. फेब्रुवारीअखेर गोडार्ड सुरतेला हजर होता. मोहिमेचे प्रमुख कर्नाक, एगर्टन, कॉकबर्न यांना कंपनीनं नोकरीतून काढलं, पण ते हरल्याबद्दल आणि बेअब्रू झाल्याबद्दल. दिलेला शब्द मोडल्याबद्दल कुणाला एक दिवसाचीही शिक्षा झाली नाही. मला त्या पराभवाहून, त्या विजयाहून, हा मुद्दा मोठा वाटतो. युद्धाच्या जबाबदारीचा हिशेब जिंकणं-हरणं यावर मांडला, तर शब्द मोडणाऱ्याचं खातं कायम कोरंच राहतं.

आणि तो खर्च कुणी भरला? मावळानं, पुन्हा. १७८१ च्या फेब्रुवारीत गोडार्डनं बोरघाट चढून घाटमाथा ताब्यात घेतला. दोन वर्षांत दुसऱ्यांदा खंडाळा, लोणावळा, कार्ल्याचा पट्टा फौजांखाली आला. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी त्याला असं जखडलं की एप्रिलमध्ये तो खाली परतला, आणि त्या परतीत त्याची साडेचारशेच्या वर माणसं पडली किंवा जखमी झाली. घाटाच्या दोन्ही अंगांना त्या उन्हाळ्यात पेरणीची तयारी कुणी केली असेल, बी कुणाकडे उरलं असेल, याचा विचार इतिहासाच्या पुस्तकांत येत नाही. आजीच्या गोष्टीत येई. दुसऱ्या वेळी जाळायला काही उरलंच नव्हतं, असं ती म्हणे.

ओलिसांचं काय झालं, हे आबांनी मला विचारलं होतं. तह मोडला म्हणजे ओलिसांच्या जिवावर येणार, हा त्या काळचा साधा हिशेब. महादजींनी त्यांच्या केसालाही धक्का लावला नाही. मार्च १७८० मध्ये गुजरातेत त्यांना इंग्रजांकडे सोडून दिलं. त्यात राजकारण होतंच, महादजींना इंग्रजांशी आपलं वेगळं सूत जुळवायचं होतं. तरी दोन माणसं जिवंत परतली. युक्रेनच्या मागण्यांत आज अगदी वर असते ती परत आणण्याची मागणी: कैदी, आणि त्याहूनही रशियात नेलेली मुलं. त्याच मुलांच्या बेकायदा हलवाहलवीबद्दल आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं १७ मार्च २०२३ रोजी पुतीन आणि रशियाच्या बालहक्क आयुक्त मारिया ल्वोवा-बेलोवा यांच्यावर अटक वॉरंट काढलं. झेलेन्स्कींनी नोव्हेंबर २०२२ मध्ये बालीच्या जी-२० परिषदेपुढे दहा कलमं मांडली. त्यात ही मुलं आणि कैदी आहेत, भूमी आहे, आक्रमण करणाऱ्यांवरचा खटला आहे, आणि युद्ध पुन्हा होणार नाही याची हमी आहे. त्यांच्या बोलण्यात न्याय्य शांतता म्हणतात ती ही. ओलेक्सांद्रा मात्वीचुक यांची संस्था युक्रेनमधल्या युद्धगुन्ह्यांच्या नोंदी ठेवते आणि तिला २०२२ च्या नोबेल शांतता पुरस्कारात वाटा मिळाला. ओस्लोच्या भाषणात त्यांनी सांगितलं की ज्याच्यावर हल्ला झालाय त्यानंच शस्त्र टाकलं तर जे उरतं ते शांतता नसून कब्जा असतो. शांतता पुरस्कार घेताना हे बोलायला धाडस लागतं, आणि मला ते पूर्ण पटतं.

खटल्याचं कलम सगळ्यांत आधी गळतं, हेही मावळाला माहीत असायला हवं. वडगावच्या तहानं रघुनाथराव महादजींच्या हाती आले. झाशीकडे नेताना ते वाटेत निसटले आणि परत इंग्रजांच्या छावणीत गेले. १७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला, त्याला महादजी जामीन राहिले, आणि हा तह मात्र टिकला. पुढची वीस वर्षं मराठे आणि इंग्रज यांच्यात मोठं युद्ध झालं नाही. पण साष्टी गेली ती गेली, आणि रघुनाथरावांना दरमहा २५ हजारांची नेमणूक मिळाली. रामशास्त्र्यांचा निवाडा त्या कागदात कुठेच नव्हता. सालबाईला मी वाईट म्हणणार नाही, वीस वर्षं घाटात फौज न येणं ही लहान गोष्ट नव्हे. तरी नारायणरावाच्या खुनाला पेन्शन मिळाली, हेही खरंच. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेकडून २८ कलमांचा मसुदा पुढे आला आणि त्यात युद्धातल्या सगळ्या पक्षांना पूर्ण माफीचं कलम होतं, तेव्हा रशियन सैन्यानं नागरिकांची कत्तल केलेल्या बुचातल्या माणसाला काय वाटलं असेल ते समजायला सालबाई आठवावी. त्याच वर्षी २५ जूनला युक्रेननं युरोप परिषदेबरोबर आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी विशेष न्यायाधिकरण उभारण्याचा करार केला होता. एका हातानं कोर्ट बांधायचं आणि दुसऱ्या हातानं माफीवर सही करायची, हे कुणाकडूनही मागू नये.

आपली बाजू न्यायाची असली म्हणजे आपण केलेलं सगळं न्यायाचं होतं, असं मात्र आजी मानत नसे, आणि याच मावळात त्याला दाखला आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या सुमारास वॉन नावाचे दोन इंग्रज भाऊ मुंबई-पुणे वाटेनं प्रवास करत होते. त्यांनी हत्यार उचललं नव्हतं. त्यांना पकडून तळेगावला फाशी दिलं, ते पेशव्यांच्या माणसांनी. बाजीरावांचं राज्य बुडत होतं, राग समजण्यासारखा होता, आणि तरी ती हत्या हत्याच. वडगावला हजारोंना सोडणारे आपण आणि तळेगावला दोघांना लटकवणारेही आपण, मध्ये जेमतेम दोन कोसांचं अंतर आणि अडतीस वर्षं. युक्रेनी सैनिकांनी रशियन कैद्यांना केलेल्या मारहाणीच्या नोंदी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं प्रसिद्ध केल्या आहेत. रशियानं केलेल्या छळाचं प्रमाण कितीतरी मोठं असल्याचंही तेच कार्यालय सांगतं. या दोन्ही गोष्टी एकत्र बोलता येतात. बोलायलाच हव्यात.

आणि आपण, आजचे? लोणावळ्याला आय.एन.एस. शिवाजी आहे, १९४५ पासून आरमाराचे इंजिनियर घडवणारी. भारताच्या कित्येक युद्धनौकांची गॅस टर्बाइनं युक्रेनच्या मिकोलायिव्ह शहरातल्या झोर्या-माशप्रोएक्त कारखान्याची. त्याच शहरावर २०२२ पासून क्षेपणास्त्रं पडत राहिली. ९ डिसेंबर २०२४ रोजी कालिनिनग्रादमध्ये आय.एन.एस. तुशील आरमारात दाखल झाली. जहाज रशियानं बांधलेलं, आतली इंजिनं युक्रेनची. दोघांचंही सामान घेणाऱ्यानं दोघांनाही 'मिटवून टाका' म्हणताना, कशाच्या अटीवर, हेही म्हणायला हवं. रशियाचं स्वस्त तेल घेताना तर नक्कीच. माझ्या मते ती अट वडगावनं आपल्याला शिकवली आहे: शब्द मोडला तर काय होईल हे ज्या कागदावर लिहिलेलं नाही, त्याच्यासाठी मध्यस्थी करू नये. सालबाईला महादजी जामीन राहिले म्हणून तो टिकला. जामीन राहायची तयारी नसेल, तर सल्ल्याला वजन नाही.

गेल्या पावसाळ्यात आबांना मी हेगमधल्या नोंदवहीबद्दल सांगितलं. युरोप परिषदेनं मे २०२३ मध्ये युक्रेनसाठी नुकसानीचं रजिस्टर स्थापन केलं, आणि २ एप्रिल २०२४ पासून त्यात अर्ज घ्यायला सुरुवात झाली. पहिला प्रकार घरांचा: पडलेलं, मोडलेलं राहतं घर. मालकानं स्वतः अर्ज करायचा, फोटो, कागद जोडायचे. भरपाई कधी मिळेल हा पुढचा प्रश्न, आधी नोंद.

आबांनी दोनदा विचारून खात्री केली की एकेका घराची वेगळी नोंद होते, गावाची मिळून एक नाही. मग म्हणाले, "आन् आपल्याच सैन्यानं पान्यात घातलेलं घर? त्याचा अर्ज कुनाकडं?"

मी म्हटलं, बांध फोडायची वेळ ज्यानं आणली, त्याच्याकडे.

"त्येच्याकडं मागायचंच," आबा म्हणाले. "पर आधी आपल्या सरकारनं दारात यावं. चूड लावायला आलं व्हतं ना?"